व्हाइटटेलसाठी इनलाइन ठासणीची बंदूक: वुल्फ, ऑप्टिमा की अक्युरा?

अमेरिकेत व्हाइटटेल हरणाच्या मझललोडर सीझनसाठी, म्हणजे फक्त ठासणीच्या बंदुकीने शिकार करायच्या हंगामासाठी, पहिली बंदूक घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात आधी वेगाचे आकडे ऐकवले जातात. तीन पेलेट (दारूच्या दाबून केलेल्या वड्या), १५० ग्रेन दारू (ग्रेन हे दारू-गोळीचं माप), सेकंदाला दोन हजार फूट, २०० यार्डांवर हरीण आडवं. या आकड्यांवर बंदूक निवडू नका. व्हाइटटेलवर ठासणीचा बार फसतो त्याची कारणं फार साधी असतात: ठिणगी दारूपर्यंत पोचली नाही, दारू दमट झाली, गोळी दारूवर टेकलेली नव्हती, किंवा गेल्या हंगामानंतर नळी नीट धुतली गेली नव्हती. यातल्या बहुतेक गोष्टी बंदुकीच्या मागच्या टोकाशी ठरतात. म्हणून आधी ब्रीच प्लग, म्हणजे नळी मागून बंद करणारी खुंटी, कसा निघतो ते बघा, मग प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, कसा बसतो ते, मग आपल्या राज्याचं नियमपुस्तक उघडा. किंमत आणि रंगरूप सगळ्यांत शेवटी.

हे सगळं अमेरिकेतल्या कायदेशीर हंगामापुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुकीचा इथल्या बंदुकीशी संबंध एवढाच की दोन्हींत बार तोंडाकडून भरतात. १९८५ साली मिसूरीच्या टोनी नाइटने एमके-८५ बाजारात आणली आणि इनलाइनचा जमाना सुरू झाला. जुन्या बंदुकीत टोपी बाजूला असते आणि ठिणगी वळसा घेऊन दारूपर्यंत जाते. इनलाइनमध्ये प्रायमर दारूच्या थेट मागे, नळीच्याच रेषेत बसतो. पावसापाण्यात बार पेटण्याची खात्री वाढली ती त्यामुळे.

इथे मुख्यतः सीव्हीएच्या तीन बंदुकांचा विचार केला आहे: वुल्फ, ऑप्टिमा व्ही२ आणि अक्युरा. नाव कनेटिकट व्हॅली आर्म्स असलं तरी कंपनी स्पेनच्या दिकार समूहाची आहे. तिन्ही बंदुका मध्ये मोडून उघडतात, तिन्हींत शॉटगनचा २०९ प्रायमर लागतो, तिन्ही .५० बोअरच्या आणि तिन्हींच्या नळीतल्या खाचांचा पीळ २८ इंचांत एक फेरा. निकाल आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी ऑप्टिमा घ्यावी, स्टेनलेस नळीची. वुल्फ घ्यायची ती पैसे खरोखरच बेताचे असतील किंवा घरातल्या लहान चणीच्या माणसासाठी. अक्युरा घ्यायची ती दरवर्षी दमट हवेत, पावसात, दलदलीत बसणाऱ्याने.

वुल्फची नळी २४ इंच आणि वजन सव्वासहा पौंडांच्या आसपास. झाडावरच्या स्टँडमध्ये वावरायला ती सोपी आहे, आणि १०० यार्डांच्या आत तिने पाडलेलं हरीण महागड्या बंदुकीने पाडलेल्यापेक्षा कमी पडलेलं नसतं. तिच्यातली काटकसर दिसते ती चापात आणि कुंद्यात. चाप जरा लांब ओढला जातो, कुंदा पोकळ वाटतो. साध्या निळसर पॉलिशची वुल्फ स्वस्त मिळते, पण तिचा मोह टाळा. ठासणीच्या बंदुकीतली राख हवेतलं पाणी ओढते आणि साध्या पोलादावर एका रात्रीत गंज धरते. स्टेनलेसलाही गंज लागतोच, फक्त तुम्हाला थोडी जास्त सवड मिळते.

ऑप्टिमाची नळी २६ इंच, वजन साडेसहा पौंडांच्या थोडं वर. या दोन इंचांनी वेग थोडाच वाढतो. खरा फायदा तोलाचा आहे: बंदूक किंचित पुढे झुकते आणि उभ्याने किंवा गुडघ्यावर नेम धरताना नळी कमी हलते. चापही वुल्फपेक्षा स्वच्छ सुटतो. दोघींतला फरक दुकानागणिक शंभर-दीडशे डॉलरचा असतो आणि तो वसूल होतो.

अक्युरात तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते मुख्यतः नळीच्या नायट्राइड प्रक्रियेचे. त्यात पोलादाचा पृष्ठभागच आतबाहेर कडक होतो आणि गंजाला सहज दाद देत नाही. अक्युराच्या एमआर-एक्स आवृत्तीची नळी २६ इंच, एलआर-एक्सची ३० इंच. एलआर-एक्स मोकळ्या शेताच्या कडेला टेकू लावून बसणाऱ्यासाठी ठीक, दाट रानात ती फांद्यांत अडकते. ‘अक्युरा जास्त अचूक आहे का?’ असं विचाराल, तर हरणाच्या अंतरावर चांगली जमलेली ऑप्टिमा आणि अक्युरा यांच्या गटांत, म्हणजे निशाण्यावर गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात त्यात, तुम्हाला हरणाच्या काळजाएवढा फरक दिसणार नाही.

आता ब्रीच प्लगकडे, कारण सगळी मेख तिथे आहे. ब्रीच प्लग म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणारी आट्यांची खुंटी. तिच्या मागच्या खोबणीत प्रायमर बसतो, आणि पुढच्या तोंडाला साधारण ०.०३ इंचाचं भोक असतं, त्यातून जाळ दारूवर जातो. सीव्हीएच्या या बंदुकांतला प्लग बोटांनी फिरवून निघतो. ही सोय चैनीची नाही. प्लग निघाला की नळी आरपार दिसते, मागून पुढे धुता येते, आणि न उडवलेला बार प्रायमर काढून, प्लग काढून, गजाने मागच्या बाजूने बाहेर ढकलता येतो. ज्या बंदुकीत यासाठी दरवेळी पान्हा आणि जोर लागतो, तिचा मालक हळूहळू प्लग काढायचाच कंटाळा करतो, आणि दोन हंगामांनंतर तो प्लग निघतच नाही.

बोटांनी निघणारा प्लगही अडकतो, आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, आट्यांना ग्रीस लावलेलं नसणं. प्रत्येक वेळी प्लग बसवताना आट्यांवर उच्च तापमानाचं अँटी-सीझ ग्रीस पातळ लावा, साधं तेल नको, ते जळून चिकट होतं. दुसरं, तीस-चाळीस बार लागोपाठ उडवणं आणि मध्ये प्लग सैल न करणं. नेम जुळवायला गेलात की दर दहा-बारा बारांनी प्लग अर्धा फेरा सैल करून पुन्हा घट्ट करा. बोटांनीच घट्ट करायचा, पान्ह्याने आवळायचा नाही.

प्लगचं भोक झिजतं, हे फार थोडे लोक तपासतात. गरम वायू त्या भोकातून जाताना ते रुंद करत जातो, मग दाब मागे फुटतो, प्रायमर फुगून खोबणीत चिकटतो, घोड्यावर आणि दुर्बिणीच्या खालच्या अंगाला काजळी दिसू लागते, आणि गट पसरतो. नवा प्लग घरी आला की त्याच्या भोकात जेमतेम जाणारी बारीक ड्रिल बिट शोधून ठेवा. पुढे कधी तिच्याहून एक-दोन नंबर जाड बिट सहज गेली की प्लग बदला. बंदुकीच्या किमतीपुढे प्लग स्वस्त आहे, आणि एक जादा प्लग पिशवीत असलाच पाहिजे.

दारू निवडताना तीनच नावं धरा. पायरोडेक्स जुनी, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी. तिच्यात गंधक आहे, वास येतो, आणि तिची राख नळीला सगळ्यांत लवकर खाते. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, ती साध्या पाण्याने धुतली जाते आणि तेवढ्याच मापाच्या काळ्या दारूपेक्षा जास्त जोर देते, म्हणून काळ्या दारूचं माप तिला लावायचं तर सुमारे पंधरा टक्के कमी घ्यायचं. तिचा एक त्रास आहे: दोन-तीन बारांनंतर दारू बसते त्या जागेच्या किंचित पुढे नळीत राखेचं कडक कडं जमतं. पुढची गोळी तिथे अडते, आणि गोळी बसली असं समजून माणूस थांबतो. तिसरी ब्लॅकहॉर्न २०९, या तिघींत महाग आणि बहुतेकांनी घ्यावी अशी. ती हवेतलं पाणी ओढत नाही, राख कमी टाकते, आणि मधे न पुसता अनेक बार भरता येतात. पण ती नायट्रोसेल्युलोजवर बनलेली असल्याने पेटायला जड आहे. तिला सीसीआय २०९एम किंवा फेडरल २०९ए असा जोरदार प्रायमरच हवा, मझललोडरसाठी मुद्दाम बनवलेले सौम्य प्रायमर चालत नाहीत. शिवाय सीव्हीए या दारूसाठी वेगळा ब्रीच प्लग विकते, तो घ्या. ‘ब्लॅकहॉर्न पेटत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या प्रायमरची किंवा चुकीच्या प्लगची असते.

या दारूने प्लगच्या जाळवाटेत कडक कार्बन साचतो, तो सॉल्व्हंटने सुटत नाही. साधारण आठव्या हिश्श्याच्या, म्हणजे १/८ इंचाच्या ड्रिल बिटने, यंत्राला न लावता, हातात धरून तो खरवडून काढायचा. पुढचं बारीक भोक मात्र खरवडू नका.

माप नेहमी आकारमानाने घ्यायचं, मापट्याने, आणि मापट्यावरचा १०० चा आकडा म्हणजे १०० ग्रेन वजन नाही. ब्लॅकहॉर्नचे मापाने १०० ग्रेन वजनाने साधारण ७० ग्रेन भरतात. तराजू वापरणाऱ्याने हा हिशेब चुकवला आणि तराजूवर १०० ग्रेन घातले तर बार धोक्याच्या हद्दीत जातो. मापाने ८० ते १२० ग्रेन ही तिची मर्यादा आहे. आणि धूरविरहित रायफलची दारू या बंदुकीत कधीही, चिमूटभरही घालायची नाही. नळी फुटते आणि डावा हात, जो नळीखाली असतो, तो जातो.

पेलेट सोयीचे आहेत हे खरं. ५० ग्रेनचे दोन टाकले की १०० झाले. पायरोडेक्सच्या पेलेटचं काळं टोक प्रायमरकडे ठेवायचं असतं, उलटं पडलं तर बार रेंगाळतो. पेलेटची खरी मर्यादा ही की माप ५० च्या किंवा फार तर ३० च्या पायरीनेच बदलतं. सुटी दारू असेल तर ९०, ९५, १०० असं पाच-पाच ग्रेनने वर जात तुमच्या बंदुकीला कुठलं माप रुचतं ते शोधता येतं, आणि प्रत्येक बंदुकीची आवड वेगळी असते. तिसऱ्या पेलेटने वेग थोडा वाढतो, खांद्याला बसणारा धक्का बराच वाढतो, नळीच्या तोंडाशी न जळलेली दारू उडते आणि बहुतेक बंदुकांत गट उघडतो. साडेसहा पौंडांच्या बंदुकीवर १५० ग्रेन उडवणारा माणूस चौथ्या-पाचव्या बारापासून चाप ओढताना डोळे मिटायला लागतो. मग वेगाचा उपयोग काय?

१०० ग्रेन मापाची दारू आणि सॅबोमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पाकळ्यांच्या आवरणात, बसवलेली २५० ग्रेनची गोळी, या जोडीने २६ इंचांच्या नळीतून गोळी सेकंदाला साधारण १८०० ते १९०० फूट वेगाने निघते. १०० यार्डांवर ती दोन इंच वर लागेल असा नेम जुळवला, तर ५० यार्डांवरही ती दोन इंचांच्या आसपास वर असते, १५० यार्डांवर इंचभर खाली आणि २०० यार्डांवर नऊ-दहा इंच खाली येते. म्हणजे १५० यार्डांपर्यंत हरणाच्या पुढच्या पायामागे, छातीच्या मध्यावर सरळ नेम धरायचा आणि काही हिशेब करायचा नाही. त्यापुढे अंतरात २० यार्डांची चूक झाली तरी गोळी छातीखालून जाते किंवा पाय मोडते. जखमी हरीण रात्रभर हिंडतं. ठासणीच्या बंदुकीत दुसरा बार भरायला वेळ लागतो, म्हणून पहिला बार खात्रीचा हवा. व्हाइटटेलसाठी या बंदुकीची हद्द १५० यार्ड धरा.

गोळ्यांत हॉर्नडी एसएसटी २५० ग्रेन स्वस्त आणि बहुतेक बंदुकांत अचूक. बार्न्सची टी-ईझी, २५० किंवा २९० ग्रेन, पूर्ण तांब्याची आहे. ती तुकडे न होता फुलते आणि सहसा आरपार जाते, त्यामुळे रक्ताचा माग मिळतो आणि मांसात शिशाचे कण जात नाहीत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही, तिथे हाच रस्ता. पॉवरबेल्टची एअरोटिप गजाने अगदी हलक्या हाताने बसते म्हणून लोकांना आवडते, पण ती मऊ शिशाची आहे. जास्त दारूवर, जवळच्या अंतरावर, खांद्याच्या हाडावर ती लवकर फुटू शकते. ती वापरायची तर २९५ ग्रेनची घ्या आणि दारू ८०-९० च्या पुढे नेऊ नका. गोल शिशाची गोळी आणि कापडाची चकती या बंदुकीत भरू नका, त्यांना ४८ इंचांत एक फेरा किंवा त्याहून मंद पीळ लागतो.

सॅबो बरोबर आहे की नाही हे रेंजवर जमिनीवर पडलेला सॅबो सांगतो. तो नळीपुढे थोड्या यार्डांवर सापडतो. चारही पाकळ्या सारख्या मागे वळलेल्या असतील तर जोडी जमली. एक पाकळी तुटलेली असेल तर गोळी वाकडी सुटते आहे. बूड वितळलेलं किंवा भोक पडलेलं असेल तर त्या सॅबोला इतकी दारू सोसत नाही: दारू दहा ग्रेनने कमी करा किंवा दुसऱ्या बनावटीचा सॅबो घ्या. उन्हाळ्यात तापलेल्या नळीत सॅबो मऊ पडतो आणि गट विनाकारण फाटतो, म्हणून दोन बारांत नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

राज्यांचे नियम इतके वेगळे आहेत की नियम न बघता घेतलेली बंदूक सीझनभर कपाटात राहू शकते. कोलोराडोच्या मझललोडर सीझनमध्ये दुर्बीण चालत नाही, सॅबो चालत नाही, पेलेटही चालत नाहीत. तिथे सुटी दारू, नळीच्या मापाची पूर्ण गोळी आणि उघडी माशी. ऑरेगन आणि आयडाहोत मझललोडर सीझनला प्रायमरची जागा हवेला उघडी असलेलीच बंदूक लागते, म्हणजे वर लिहिलेल्या तिन्ही बंदुका तिथे बाद. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरच्या मादी-हरणांच्या मझललोडर सीझनला इनलाइन चालते, पण नाताळानंतरच्या सीझनला फक्त चकमकीची फ्लिंटलॉक. न्यू जर्सीत, जिथे मराठी वस्ती भरपूर आहे, मझललोडर रायफलने शिकार करायला फायरआर्म शिकार परवान्याशिवाय वेगळं रायफल परमिट लागतं, आणि बंदूक विकत घ्यायला फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्डही. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं राज्याचं डायजेस्ट, म्हणजे शिकारीचं नियमपुस्तक, वाचूनच पैसे मोजा.

केंद्रीय कायद्याची एक गोष्ट आपल्या लोकांना फार उपयोगाची आहे. काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालणारी, तयार काडतूस घालता न येणारी मझललोडर केंद्रीय व्याख्येत फायरआर्म धरली जात नाही, म्हणून बऱ्याच राज्यांत ती घरपोच येते. पण जिचा सांगाडा काडतुसाच्या रायफलीचा आहे, किंवा नळी बदलून जिची रायफल करता येते, ती यातून बाहेर पडते. थॉम्पसन/सेंटरची एन्कोर आणि रेमिंग्टन ७०० अल्टिमेट यांना दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे फायरआर्म खरेदीचा केंद्रीय फॉर्म, भरावा लागतो. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने फायरआर्म आणि अम्युनिशन बाळगता येत नाही, त्याला वैध शिकार परवान्याचा अपवाद आहे. अम्युनिशनच्या व्याख्येत प्रायमर आणि दारूही येतात. तेव्हा आधी परवाना, मग प्रायमरची डबी. परवान्याची मुदत संपते तेव्हा अपवादही संपतो, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असेल तर खरेदीआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. विमानाने दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर दारू आणि प्रायमर ना हातातल्या बॅगेत चालतात ना चेक-इन सामानात. ते उतरल्यावर तिथल्या दुकानातूनच घ्यायचे.

इतर पर्याय थोडक्यात. ट्रॅडिशन्सची नायट्रोफायर हुशार कल्पना आहे: गोळी तोंडाकडून भरायची आणि फेडरलच्या फायरस्टिकमधली मोजून बंद केलेली दारू मागून घालायची. दमटपणाचा प्रश्न सुटतो, बार काढून टाकणं एका हालचालीचं होतं. पण ती केंद्रीय कायद्यात फायरआर्म ठरते, काही राज्यांच्या मझललोडर सीझनमध्ये चालत नाही, आणि फायरस्टिक ८०, १०० किंवा १२० ग्रेन अशा ठरलेल्या मापातच मिळते. दुकानात ती संपली की बंदूक अडून बसली. सीव्हीएची पॅरामाउंट बोल्टची, जड आणि महाग, ३०० यार्डांच्या गप्पांसाठी बनलेली आहे. व्हाइटटेलला तिची गरज नाही. नाइटच्या बोल्ट बंदुका सुरेख नेम देतात, पण साफसफाईला बोल्ट उलगडावा लागतो. थॉम्पसन/सेंटरची ट्रायम्फ वापरलेली चांगल्या स्थितीत मिळाली तर जरूर घ्या, तिचा ब्रीच प्लग पाव फेऱ्यात निघतो. फक्त तिचे सुटे भाग आधी शोधून ठेवा, कारण स्मिथ अँड वेसनने २०२१ साली तो धंदा विकायला काढल्यावर ते मिळणं अवघड झालं.

वापरलेली बंदूक बघताना विकणाऱ्याला समोरच ब्रीच प्लग काढायला सांगा. निघाला नाही तर तिथून निघा. निघाला तर नळीत दिवा धरून प्लगच्या पुढचे पहिले तीन-चार इंच बघा, खड्डे पडतात ते तिथेच. मग कोरडी चिंधी गजाने ढकला, एखाद्या जागी अडकत असेल तर तिथे गंज आहे, आणि एकदम सैल पडत असेल तर नळी फुगलेली असू शकते. बंदूक बंद करून बिजागरी हलवून बघा, जराही खुळखुळता कामा नये. जुनी सीव्हीए इनलाइन असेल तर बंदुकीवरच्या अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे बघा. ९५ किंवा ९६ असतील तर तिला हात लावू नका, त्या दोन वर्षांच्या नळ्या कंपनीने १९९७ साली परत मागवल्या होत्या.

नवी बंदूक घरी आली की कारखान्याचं तेल काढून टाका, नाहीतर पहिलाच बार भिजतो. बार भरण्याआधी नळीत गजावर कोरडी चिंधी खाली टेकवा आणि नुसता एक प्रायमर उडवा. चिंधीच्या मध्यावर जळल्याचा काळा ठिपका आला म्हणजे जाळवाट मोकळी आहे. नाही आला तर आणखी एक उडवा. हे प्रत्येक शिकारीच्या सकाळी करायचं. मग मापट्याने दारू ओता, नळीला बाहेरून तळहाताने दोन टपल्या मारा म्हणजे दारू बसते, सॅबो आखूड दट्ट्याने नळीत सुरू करा आणि गजाने एका सलग दाबात खाली न्या. आपटायचं नाही, ठोकायचं नाही, दारूवर घट्ट टेकली की थांबायचं. इथे गजावर नळीच्या तोंडाशी मार्करने रेघ मारा. रिकाम्या नळीची एक रेघ आणि भरलेल्या नळीची दुसरी. पुढे प्रत्येक वेळी दुसरी रेघ जुळली तरच प्रायमर लावायचा. रेघ वर राहिली तर गोळी दारूपासून लांब अडकली आहे किंवा दोनदा बार भरला आहे. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी ठेवून उडवलेला बार नळी फुगवतो किंवा फोडतो.

चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी निशाण्याकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबा, रेंगाळलेला बार उशिरा उडतो. थंडीतून घरात आणलेल्या बंदुकीच्या नळीत दव धरतं, म्हणून भरलेली बंदूक प्रायमर काढून बाहेरच्या थंडीतच कुलपात ठेवा. वाहनात नेताना प्रायमर काढलेली मझललोडर रिकामी समजली जाते का, हे राज्याप्रमाणे बदलतं.

धुणं त्याच दिवशी. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हनला साबणाचे दोन थेंब घातलेलं गरम पाणी पुरतं: चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत मागून पुढे, मग कोरड्या चिंध्या, मग तेलाची एक. ब्लॅकहॉर्नला पाणी लागत नाही, तिला हॉपीज नंबर ९ सारखा रायफलचा सॉल्व्हंट लागतो. उलट केलंत तर काळपट लगदा तयार होतो आणि नळी साफ झाल्यासारखी फक्त दिसते. सॅबोच्या प्लास्टिकचा पातळ थर नळीच्या खाचांत बसतो, तो कधीतरी ब्राँझच्या ब्रशने काढा. दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी पुन्हा एकदा फिरवा. ती तपकिरी आली तर पुन्हा धुवा, आणि चिंधी स्वच्छ निघाली तरच बंदूक हंगामभरासाठी कपाटात ठेवा.